संशयाचा फायदा कोणाला?
(वैद्यक, न्याय आणि वादविवाद यांतील पुराव्याचे स्थान)

इतिहासाच्या पहिल्या तासाला आम्ही दरवर्षी एकच पाठ शिकवितो. इतिहासाची साधने तीन प्रकारची : भौतिक, लिखित आणि मौखिक. नाणी, भांडी, लेणी, किल्ले ही भौतिक साधने. शिलालेख, ताम्रपट, दप्तरे, पत्रे ही लिखित साधने. ओव्या, लोककथा, वृद्धांच्या आठवणी ही मौखिक साधने. विद्यार्थी हे वर्गीकरण लवकर पाठ करतात आणि परीक्षेत त्याचे गुणही मिळवितात. परंतु साधनांवाचून इतिहास लिहिता येत नाही असे ज्याने उत्तरपत्रिकेत लिहिले, तोच विद्यार्थी सुटीत घरी गेल्यावर मोबाईलवर आलेला कोणताही मजकूर खरा मानतो आणि दहा जणांना पाठवितो. पुरावा ही वर्गातली गोष्ट आहे आणि घरात तिचे काही काम नाही, असे त्याला वाटते. हा दोष विद्यार्थ्याचा कमी आणि आम्हा शिक्षकांचा अधिक आहे.

या स्मरणिकेसाठी लेख द्यावा अशी सूचना झाली, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहाव्यात असे प्रथम मनात आले. पण त्या आठवणींत एक जुने देणे शिल्लक आहे. एका विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिलेले नाही. माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर ते देणे फेडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पाच बरे झाले, एक गेला

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पालघर हा स्वतंत्र जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. आपण ठाणे जिल्ह्यात होतो. पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या वसतिगृहात विक्रमगडच्या बाजूच्या एका पाड्यावरून आलेला एक मुलगा होता. त्याचे वडील रात्री घरात जमिनीवर निजले असता त्यांना मण्यार चावली. मण्यारीचा दंश फार दुखत नाही, तेथे फारशी सूजही येत नाही. पोटात कळा येऊ लागल्या तेव्हा घरच्यांनी त्यांना भगताकडे नेले. पहाटेपर्यंत मंत्र चालले. पापण्या मिटू लागल्या, श्वास जड झाला, तेव्हा गाडी शोधण्यात आली. रुग्णालयाच्या दारात पोहोचण्यापूर्वीच सारे संपले होते.

दिवस झाल्यावर मुलगा शाळेत परतला. एका संध्याकाळी तो आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, त्याच भगतानं आमच्या पाड्यावरची पाच माणसं बरी केली होती. मी डोळ्यांनी पाहिलंय. मग माझाच बापूस का गेला?"

आम्ही उत्तर दिले, "बाळ, ती अंधश्रद्धा आहे."

तो काही बोलला नाही आणि त्याने पुन्हा कधी विचारलेही नाही. आज वाटते, त्या मुलाने आमच्यापुढे पुरावा ठेवला होता. पाच माणसे बरी झाली होती, आणि ती त्याने स्वतः पाहिली होती. आम्ही त्याच्या पुराव्याला पुराव्याने उत्तर दिले नाही. आम्ही त्याला एक शब्द दिला आणि गप्प केले. आमचा शब्द बरोबर होता, परंतु आमचे वागणे त्या भगताहून फारसे वेगळे नव्हते. त्यानेही विश्वास ठेवा म्हटले होते, आम्हीही तेच म्हटले.

त्या मुलाला द्यावयाचे उत्तर असे होते. आपल्याकडील बहुसंख्य साप बिनविषारी असतात. माणसे प्रामुख्याने दगावतात ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या दंशाने. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. म्हणून बरे झालेल्या त्या पाच जणांविषयी विचारावयाचा प्रश्न हा : त्यांच्यापैकी किती जणांच्या अंगात विष गेले होते? ज्यांच्या अंगात विष गेलेच नव्हते, ते भगताकडे न जाता घरी निजून राहिले असते, तरीही सकाळी उठले असते. ते बरे झाले हे खरे. मंत्रामुळे बरे झाले हे मात्र सिद्ध होत नाही. तुझ्या वडिलांच्या अंगात विष गेले होते. त्या रात्री मंत्राची खरी परीक्षा झाली आणि तो तीत उतरला नाही.

महाडचा विंचू

औषधाने गुण आला की तो आपोआप आला, हे ओळखण्याचा मार्ग एकच : तुलना. ज्यांना औषध दिले आणि ज्यांना दिले नाही, अशा सारख्याच परिस्थितीतील माणसांची गणती शेजारी शेजारी मांडावयाची.

याचे एक जुने उदाहरण मुंबईतच घडले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढील वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला, तो याच साथीत. या सुमारास वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लस घेऊन माणूस जगतो एवढे त्यावरून कळले. ती प्लेग रोखते की नाही, हे कळावयाचे राहिले होते. महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. निम्म्याच्या आसपास कैद्यांनी लस टोचून घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. इमारत एक, अन्न एक, साथही एकच. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतील ६ जण मरण पावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांनाच प्लेग झाला आणि मृत्यू एकाचाही झाला नाही. हाफकिन यांचा शब्द जे सांगू शकला नसता, ते त्या दोन रकान्यांनी सांगितले.

दुसरे उदाहरण कोकणातले, महाडचे आहे. १९७६ च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाचा दंश तेव्हा प्राणघातक ठरत असे. गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीस ते चाळीस दगावत. विंचू चावला की माणूस मरतो, असे लोक म्हणत. तो कसा मरतो, हे मात्र कोणी नीट लिहून ठेवले नव्हते. डॉ. बावस्कर रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसले. घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब, फुप्फुसांत साठणारे पाणी यांची त्यांनी वेळेनुसार नोंद ठेवली. १९८२ साली त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. विंचवाच्या विषाने शरीरात ज्या द्रव्यांचा पूर लोटतो, त्यांना रोखणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध त्यांनी पुढे वापरले. मृत्यूचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास आले.

आमच्या दृष्टीने या कथेचा सर्वांत मोलाचा भाग पुढेच आहे. प्राझोसिनने डॉ. बावस्करांना जगात नाव मिळवून दिले. तरीही डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या पतिपत्नींनी आपल्याच औषधाची पुन्हा परीक्षा घेतली. ७० रुग्णांचे त्यांनी निवड न करता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, ३५-३५ चे दोन गट केले. एका गटाला केवळ प्राझोसिन दिले, दुसऱ्याला प्राझोसिनसोबत विंचवाचे प्रतिविषही दिले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ८ निघाले, दुसऱ्या गटात ३२. आपल्या गाजलेल्या औषधाला जोड दिली तर रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे त्यांनी २०११ साली स्वतःच जगाला सांगितले. ज्या पद्धतीत आपले मत आपल्याच हाताने दुरुस्त करता येते, ती शास्त्राची पद्धत होय. भगताच्या पद्धतीत अशी सोय नाही. तेथे रुग्ण बरा झाला तर श्रेय मंत्राचे आणि मेला तर दोष नशिबाचा.

महाडचे तळे

महाडचे नाव निघाल्यावर आपल्या वाचकांच्या मनात विंचवाआधी तळे येते. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी २० मार्चला आठवतो. त्या सत्याग्रहानंतर चाललेला दावा मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. पुराव्याचा पाठ म्हणून तो प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावा असा आहे.

रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात संमत झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर यांनी हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी घेतले. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह होणार हे दिसताच महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. परिषदेला जमलेले लोक सत्याग्रहास उत्सुक होते. बाबासाहेबांनी तो स्थगित केला आणि लढा न्यायालयात नेला.

वादींचे म्हणणे असे होते की, तळे त्यांचे आहे आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी भरू नये ही अनादी कालापासूनची रूढी आहे. अस्पृश्यांनी त्या तळ्यावर पूर्वी पाणी भरले होते हे दाखविणे प्रतिवादींना सोपे नव्हते, कारण त्यांना खरोखरच दीर्घकाळ दूर ठेवलेले होते. सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर पडला असता तर दावा हातचा गेला असता. पण कायद्याचा नियम असा आहे की, जो हक्क सांगतो त्याने तो सिद्ध करावा. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात हा नियम होता आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे.

महाडच्या न्यायालयाने ८ जून १९३१ रोजी दावा फेटाळला. ठाण्यातील अपील ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर या अपिलात अखेरचा निकाल दिला. तळे नगरपालिकेचे ठरले. रूढीविषयी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांचे विवेचन वाचण्यासारखे आहे. साक्षीदारांच्या आठवणीपुरते अस्पृश्य तळ्यावर येत नव्हते, हे त्यांनी मान्य केले. परंतु अनादी काल हा माणसाच्या आठवणीपलीकडे असतो. तळ्याभोवती सवर्णांची घरे होण्यापूर्वी त्या पाण्यावर केवळ आपलाच हक्क सांगण्याचा प्रयत्न कोणी केला असेल, याविषयी त्यांनी शंका व्यक्त केली. रूढी अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही, आणि अपील फेटाळले गेले. संशयाचा फायदा तहानलेल्यांना मिळाला.

नऊ वर्षांहून अधिक काळ हा दावा चालला. या विजयाची मर्यादाही आपण ओळखली पाहिजे. न्यायालयाने अस्पृश्यता अन्याय्य आहे असे म्हटले नव्हते. रूढी शाबीत झाली नाही एवढेच म्हटले होते. समजा, वादींना एखादा हजार वर्षांपूर्वीचा ताम्रपट सापडला असता, तर? रूढी जुनी ठरली असती, पण त्यामुळे ती न्याय्य ठरली असती काय? काय घडले ते पुरावा सांगतो. काय घडावे, हे माणसाने ठरवावयाचे असते. म्हणूनच न्यायालयातील विजयावर न थांबता पुढे संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट केली. त्यानंतर रूढी किती जुनी, हा प्रश्नच उरला नाही.

कागद नसलेल्यांचा पुरावा

पुरावा म्हणजे सरकारी शिक्क्याचा कागद, अशी आपल्या लोकांची समजूत झालेली आहे. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कागदच आला नाही, त्यांना ही समजूत फार महाग पडते. आपल्या जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी या तालुक्यांतील पालकांना वनहक्क दाव्यांचा अनुभव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. त्यासाठी नियमांनी सरकारी कागदांबरोबर घर, झोपडी, विहीर, स्मशान, देवस्थान यांसारख्या प्रत्यक्ष खुणा आणि दावेदाराव्यतिरिक्त अन्य वृद्धांचे लिहून घेतलेले कथन हेही पुरावे मानले आहेत. भौतिक, लिखित, मौखिक हे आमच्या पहिल्या तासाचेच वर्गीकरण येथे जमिनीचा हक्क मिळवून देते.

कोणी विचारील, महाडमध्ये वृद्धांच्या आठवणी अपुऱ्या ठरल्या, मग येथे त्या कशा चालतात? उत्तर असे की, आठवण किती दूरवर पोहोचते आणि दावा किती दूरचा आहे, याची सांगड घालावी लागते. आजोबांना स्वतः कसलेली वरकस आठवते, अनादी काल आठवत नाही.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या पालकांना आमची आग्रहाची विनंती आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याला काही वर्षांपूर्वी कामावर इजा झाली. तो कंत्राटी कामगार होता. नेमणुकीचे पत्र नाही, पगाराची पावती नाही, हजेरीची नोंद मुकादमाच्या वहीत. आणि अपघातानंतर ती वहीच दिसेनाशी झाली. हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच, असे सांगण्यात आले. अखेरीस उपयोगी पडले ते त्याच्या मोबाईलमधील पाळीच्या वेळांचे निरोप, दारावरचा पास आणि बरोबरच्या दोघा कामगारांची साक्ष. पगाराची पावती, राज्य कामगार विम्याचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक हे जपून ठेवा. काही नसेल तर रोजची हजेरी स्वतःच्या वहीत तारखेसह लिहा. बलवानाचा शब्दही लोक ऐकून घेतात. दुर्बलाला मात्र वही दाखवावी लागते.

सामूहिक प्रश्नांतही हेच खरे आहे. खाडीचे पाणी बिघडले, मासळी घटली, असे या किनाऱ्यावरील मच्छीमार वर्षानुवर्षे सांगत होते. २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली. तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि २०२० मध्ये तिने भरपाईचा हिशेब मांडला. पाण्याला वास येतो, हे सांगणे झाले. तारीख, वेळ, ठिकाण लिहून मोहोरबंद केलेली पाण्याची बाटली आणि तिचा तपासणी अहवाल हा पुरावा झाला. तक्रार पहिल्यावर थांबली की ती विरून जाते.

अफवेची रात्र

पुरावा मागितलाच गेला नाही तर काय होते, हेही आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशा तिघांची जमावाने हत्या केली. मुले पळविणारे आणि चोर फिरत आहेत, अशी अफवा त्या भागात काही दिवस पसरलेली होती. कोणते मूल पळविले, कोणी पाहिले, कोठे पाहिले, हे प्रश्न त्या जमावात कोणी विचारले असते तर तीन जीव वाचले असते. ते प्रवासाला निघालेले लोक होते. आपण कोण आहोत हे सिद्ध करण्याचा भार त्या तिघांवर टाकला गेला आणि सिद्ध करण्यासाठी त्यांना वेळही मिळाला नाही.

घटनेनंतर लगेच दुसरी अफवा उठली. हल्लेखोर अमुक एका धर्माचे आहेत, असे दूरदूरचे लोक छातीठोकपणे लिहू लागले. राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी अटक झालेल्यांची यादीच जाहीर केली, तेव्हा तो आरोप निराधार असल्याचे दिसले. पहिली अफवा गावातली होती, दुसरी शहरातल्या शिकलेल्या लोकांची. अफवेवर विश्वास ठेवणे हा केवळ निरक्षरांचा दोष आहे असे मानणाऱ्यांनी ही दुसरी अफवा विसरू नये.

महाडमध्येही २० मार्च १९२७ रोजी हल्ला झाला तो अफवेमुळेच. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी हाकाटी झाली आणि मंडपात जेवत असलेल्या लोकांवर लाठ्या पडल्या. अफवेची चाल शंभर वर्षांत बदललेली नाही. ती नेहमी अनोळखी किंवा दुबळ्या माणसाकडे बोट दाखविते आणि विचार करावयास वेळ देत नाही. म्हणून न्यायालय ऐकीव गोष्टीला सहसा पुरावा मानत नाही. ज्याने पाहिले त्याने समोर येऊन सांगावे आणि उलटतपासणीला तोंड द्यावे असा दंडक घालते.

पटवून देणे

पुरावा हाती असला म्हणजे समोरचा माणूस पटवून घेईलच, असे मात्र नाही. आम्ही त्या मुलाशी बोललो तेव्हा सत्य आमच्या बाजूला होते, तरी आम्ही त्याला काहीही पटवू शकलो नाही. ज्याचे माणूस गेले आहे, त्याच्यापुढे अंधश्रद्धा हा शब्द टाकणे म्हणजे त्याच्या घरच्यांवर दोषारोप करणे होय. दोषी ठरविलेला माणूस ऐकत नाही, तो स्वतःचा बचाव करू लागतो.

तथागतांनी किसा गोतमीला कसे समजाविले, ते आपण जाणतो. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत आली. मृत्यू अटळ आहे, असा उपदेश त्यांनी आरंभी केला नाही. ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, असे सांगितले. ती घरोघर गेली, विचारीत गेली आणि उत्तर घेऊन परतली. तिचा पुरावा तिने स्वतः गोळा केला होता, म्हणून तो तिला पटला. शिक्षकासाठी याहून मोठा धडा आम्हास ठाऊक नाही.

पुढील काळात आम्ही आमची रीत बदलली. विद्यार्थ्यांना आम्ही सुटीत एक काम देतो. आपल्या पाड्यावर वा वस्तीत साप चावलेल्या माणसांची यादी करावयाची : साप कोणता, कोणी पाहिला, लक्षणे काय होती, प्रथम कोठे नेले, किती वेळाने नेले, काय झाले. निष्कर्ष आम्ही सांगत नाही. एका वर्षी एक मुलगी अशी वही घेऊन आपल्या आजीजवळ बसली. आजी म्हणाली, भगताला बोलावणे आमच्याने सुटणार नाही. मुलगी म्हणाली, "आजी, भगताला बोलव, पण गाडीत बसव. दवाखान्यात जाईपर्यंत मंत्र म्हणू दे." दोन वर्षांनी तिच्या चुलत भावाला साप चावला, तेव्हा गाडी आधी निघाली. भगतही सोबत गेला. मुलगा वाचला. हा सिद्धान्त नव्हे, एकच उदाहरण आहे, आणि एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही असे आम्हीच वर सांगितले आहे. तथापि वादात जिंकण्यापेक्षा गाडी वेळेवर निघणे अधिक मोलाचे असते, हे त्या मुलीकडून आम्ही शिकलो.

संशयाचा फायदा

तिन्ही क्षेत्रांत पुरावा कधीच संपूर्ण नसतो. थोडा संशय नेहमी उरतो. त्या उरलेल्या संशयाचा फायदा कोणाला द्यावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

न्यायालय तो आरोपीला देते. वाजवी संशयापलीकडे गुन्हा शाबीत झाला नाही तर त्याला सोडते, कारण निरपराध्याला शिक्षा देण्याची चूक अधिक भयंकर असते. वैद्यकात तो रुग्णाला द्यावा. साप विषारी होता की नाही हे ठाऊक नसेल तर तो विषारी आहे असे समजून रुग्णालय गाठावे. चिरा देऊ नये, विष चोखू नये, आवळून बांधू नये. अवयव हलू न देता निघावे. दंश बिनविषारी निघाला तर एक रात्र देखरेखीखाली जाईल. विषारी निघाला तर प्राण वाचेल. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. हा हिशेब त्यांच्या घरच्यांसाठी आहे. आणि वादात, अफवेत, वस्तीतल्या कुजबुजीत तो फायदा त्या माणसाला द्यावा, जो आपली बाजू मांडण्यास तेथे हजर नाही.

म्हणून आमच्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांना घरी चार प्रश्न विचारावयास शिकवावे. हे तू पाहिलेस की ऐकलेस? तुलना कशाशी केलीस? सिद्ध करण्याचा भार कोणावर आहे? आणि आपण चुकलो तर त्याची किंमत कोण मोजणार? हे प्रश्न विरोधकांना विचारणे सोपे असते. आपल्या आवडत्या नेत्याच्या भाषणाला, आपल्या समाजाच्या गटात आलेल्या मजकुराला, आपल्याला सुखावणाऱ्या इतिहासाला ते विचारता आले, तरच ते शिक्षण. बाबासाहेब ज्या कायद्याने जिंकले, तो कायदा त्यांनाही बांधील होता. मनाईहुकूम चुकीचा वाटत असतानाही त्यांनी तो पाळला.

तो मुलगा आज चाळिशीच्या जवळ आला असेल. कदाचित बोईसरच्या एखाद्या कारखान्यात पाळीवर असेल, कदाचित पाड्यावर शेती करीत असेल. माजी विद्यार्थ्यांच्या यादीनुसार ही स्मरणिका त्याच्या पत्त्यावरही जाईल. त्याने ती उघडली तर त्याला एवढेच सांगावयाचे आहे : बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तर देण्यास आम्हाला उशीर झाला.